शक्कल कुणाची

समजा, तुम्हाला एका महत्त्वाच्या ठिकाणी जायचंय. बूट काढून बघता तर त्यांच्यावर ओरखडे, आणि घरातलं पॉलिश संपलेलं. काय कराल?

हा प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारलेला नाही, जरी तिथे याहून विचित्र प्रश्न विचारतात. जेम्स बरोज आणि डेव्हिड ग्लेन मिक या दोन प्राध्यापकांनी तो आपल्या प्रयोगातल्या लोकांना विचारला, आणि २००४ साली 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये त्यावर एक दणदणीत निबंध लिहिला. आलेली उत्तरं परीक्षकांनी जोखली: कितपत नवी आहेत, कितपत कामाची आहेत. मग हिशेब मांडला की कल्पक उत्तर कोण देतं. हाताशी असलेला वेळ, प्रसंगात माणूस किती गुंतलाय, आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्याच हातात आहेत असं तो किती मानतो, आणि रूपकांतून विचार करण्याची त्याची कुवत किती, या सगळ्यांची त्यात सरमिसळ असते. शिवाय शक्कल लढवल्यावर माणसाला बरं वाटतं, हेही त्यांनी दाखवलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. रूपकाची कुवत आणि बुटाची चमक! मराठीतल्या किती कवींचे बूट चकचकीत असतात ते बघायला हवं. पण हसून झाल्यावर वाचतच राहिले, आणि पुढचे सात-आठ महिने रात्री जेवणानंतर हेच वाचत होते. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, काम कोड लिहिण्याचं. मार्केटिंगच्या प्राध्यापकांचे निबंध वाचण्याचं मला काही कारण नव्हतं. कारण घडलं ते एका चौकटीमुळे. सहा इंच स्क्रीनवरची 'पत्ता' असं लिहिलेली एक चौकट.

तेव्हा मी ज्या कंपनीत होते ती छोट्या दुकानदारांसाठी बिलं बनवायचं अ‍ॅप चालवायची. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, पत्ता, मग माल आणि रक्कम. पत्त्याची चौकट मोकळी होती, काहीही लिहा. एके दिवशी माझ्याकडे काम आलं, तिकिटाचं नाव 'अवैध पत्ते'. नमुन्यादाखल काही हजार नोंदी काढल्या, तर पत्त्याच्या जागी भलतंच काही. '६४० बाकी, मंगळवारी देतो म्हणाले.' 'पगार ७ ला.' 'यांना दूध फक्त पिशवीतलं.' अ‍ॅपमध्ये उधारीची सोय नव्हती, म्हणून लोकांनी पत्त्याच्या चौकटीची उधारीची वही केली होती. बिल काढलं की गिऱ्हाइकाच्या नावाखाली ती ओळ आपोआप दिसायची, म्हणजे आठवण करून देण्याचीही सोय झाली. एकमेकांना न भेटलेल्या शेकडो दुकानदारांना हे सुचलं होतं. मी काय केलं? चौकटीला पिनकोड सक्तीचा केला, नकाशावरून पत्ता निवडायची सोय दिली, जुना मजकूर पडद्यावरून घालवला. तिकीट बंद. शाबासकीही मिळाली.

या प्रसंगाला काय नाव द्यायचं ते शोधताना मी 'ग्राहकांची सर्जनशीलता' या विषयाच्या दारात पोचले. दार मोठं आहे. एलिझाबेथ हर्शमन यांनी १९८० साली याच जर्नलमध्ये नवं शोधण्याची ओढ आणि ग्राहकाची कल्पकता यांवर लिहिलं, तेव्हापासून निबंधांची रांग लागली आहे. सगळी वाचण्यासारखी नाही. तुम्ही वाचावी असंही नाही. पण यातले काही निबंध आपल्याबद्दल, म्हणजे वस्तू वापरणाऱ्या माणसांबद्दल, जे चित्र रंगवतात ते तपासून बघायला हवं, कारण या चित्रावरून पुढे अ‍ॅपं बनतात.

एक निबंध मला विशेष छळतो. रवी मेहता आणि मेंग झू यांचा, २०१६ सालचा. त्याचं म्हणणं असं: टंचाईची जाणीव झाली की माणूस वस्तूंच्या ठरलेल्या वापरापलीकडे बघू लागतो, मुबलकता असली की डबा म्हणजे डबा आणि झाकण म्हणजे झाकण. म्हणणं पटण्यासारखंच आहे. आमच्या सांगलीकडे जिला वाकळ म्हणतात, तुम्ही गोधडी म्हणत असाल, ती दुसरं काय आहे? आजीच्या वाकळीत तिचं लुगडं होतं, आजोबांच्या धोतराचा धडका भाग होता, आणि मधल्या थरात खताच्या कंपनीचं नाव छापलेलं एक पोतं होतं, जे मला ताप आला की पोटरीला टोचायचं. तेव्हा मेहता-झू यांचा निष्कर्ष वाचून माझी आजी म्हणाली असती, हे सांगायला कॉलेज कशाला काढलं?

पण त्यांनी ते सिद्ध कसं केलं ते बघा. एका प्रयोगात काही लोकांना टंचाईत वाढण्याबद्दल आणि काहींना सुबत्तेत वाढण्याबद्दल छोटा निबंध लिहायला लावला. मग त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला: विद्यापीठाची संगणक प्रयोगशाळा नव्या जागी हलवताना बबलरॅपचे २५० तुकडे उरले आहेत, त्यांचं काय करता येईल? टंचाईवर निबंध लिहिलेल्यांची उत्तरं अधिक कल्पक ठरली.

यातली युक्ती मला मान्य आहे. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं स्थिर ठेवायचं, हे आम्हीही रोज करतो. निम्म्या लोकांना हिरवं बटण, निम्म्यांना निळं. निबंध लिहिल्याने खरंच काही फरक पडला असेल, तर तो फरक खरा आहे. माझा आक्षेप 'टंचाई' या शब्दाला आहे. काही मिनिटं आठवलेली टंचाई आणि भोगलेली टंचाई यांना एकच शब्द वापरला, की दुसरीतलं सगळं ओझं निघून जातं आणि राहतो तो फक्त फायदा. आजी रात्री दिव्याशी टाके घालायची ते तिला वस्तूंचा 'अपारंपरिक वापर' सुचला म्हणून नाही. थंडी होती, पाच मुलं होती, आणि वाकळ कशी शिवायची हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. म्हणजे तिच्या बाबतीत ते अपारंपरिकही नव्हतं. परंपरा होती! प्रयोगशाळेच्या व्याख्येत मात्र ज्याला लुगड्याचा असा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा सुचेल तो कल्पक, आणि जिला पिढ्यान्‌पिढ्या येतो ती फक्त गृहिणी.

पेज मोरो आणि डॅरन डाल यांचा २००५ सालचा निबंध याच जातीचा, पण मला अधिक आवडतो. त्यांनी लोकांना ठरावीक आकार देऊन लहान मुलांसाठी खेळणं बनवायला सांगितलं. कुणाला आकार निवडायची मुभा, कुणाला दिलेलेच आकार वापरायची सक्ती. बंधनं वाढली तशी माणसं सोप्या, ठरलेल्या वाटेवरून ढळली आणि वेगळं काही करू लागली, पण वेळ पुरेसा असेल तरच. ही 'पण' मला महत्त्वाची वाटते. घाई आणि बंधन एकदम लादलं की माणूस कल्पक होत नाही, नुसता वैतागतो. ज्या कुणी मॅनेजरने 'बंधनातूनच सर्जन' असं आमच्या ऑफिसातल्या भिंतीवर लावलं होतं, त्याने निबंधाचा तो भाग वाचलेला नसावा.

या सगळ्या प्रयोगांत एक समान गोष्ट आहे. माणूस एकटा आहे, प्रश्न दुसऱ्याने दिलाय, आणि उत्तर चांगलं की वाईट ते परीक्षक ठरवतात. ते उत्तर पुढे कुणाचं होतं हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण बबलरॅपचं काय करायचं हे खरं तर कुणालाच नको असतं.

हा प्रश्न ज्याने सरळ विचारला तो माणूस म्हणजे एमआयटीचा एरिक फॉन हिप्पेल. या विषयात एकाच लेखकाला वाचायचं असेल तर याला वाचा. १९७६ साली त्याने वैज्ञानिक उपकरणांचा अभ्यास केला. शंभरावर सुधारणा तपासल्या आणि दाखवलं की त्यातल्या जवळजवळ ८० टक्के उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांनी नव्हे, ते वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनी शोधून, करून, वापरून बघितल्या होत्या. कंपनी नंतर आली, तिने त्याला नीट खोका दिला आणि किंमत लावली. तोवर समज असा होता की गिऱ्हाइकाला फक्त 'गरज' असते आणि 'उत्तर' कंपनीकडे असतं. १९८६ साली त्याने 'लीड यूझर' ही कल्पना मांडली: बाजाराला उद्या जी गरज भासणार ती ज्यांना आजच भासते, आणि उत्तर मिळाल्याने ज्यांचा मोठा फायदा होणार आहे, अशी माणसं. ती वाट बघत बसत नाहीत, स्वतःच काहीतरी करतात. २००५ च्या 'डेमोक्रटायझिंग इनोव्हेशन' या पुस्तकात त्याची सुरेख उदाहरणं आहेत. १९७८ मध्ये हवाईत लॅरी स्टॅनली आणि त्याच्या मित्रांनी विंडसर्फिंगच्या फळीला पायात अडकवायचे पट्टे लावले, म्हणजे लाटेवरून उडी मारताना फळी पायाखालून निसटून जाऊ नये. आज पट्ट्यांशिवायची तशी फळी शोधावी लागेल. हे पुस्तक फॉन हिप्पेलने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलं आहे, म्हणजे लिहितो तसं वागतोही. प्राध्यापकांत हे दुर्मीळ.

त्याच्या नंतरच्या कामातला एक आकडा बहुतेक सगळीकडे उद्धृत होतो. २०१२ साली त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर ब्रिटनमधल्या पाहणीचे निष्कर्ष छापले: आधीच्या तीन वर्षांत तिथल्या ६.१ टक्के प्रौढांनी, म्हणजे सुमारे २९ लाख लोकांनी, स्वतःच्या वापरासाठी एखादी वस्तू बनवली किंवा बदलली होती. अमेरिकेत हेच प्रमाण ५.२ टक्के, जपानमध्ये ३.७ टक्के निघालं. आकडा मोठा आहे आणि कंपन्यांच्या संशोधन विभागांचा गर्व उतरवणारा आहे. पण गाळणी कशी लावली ते बघितलं की माझं मन पुन्हा खट्टू होतं. बाजारात तशीच वस्तू मिळते हे ठाऊक असताना घरी केलेली गोष्ट धरायची नाही. नोकरी-धंद्याचा भाग म्हणून केलेली धरायची नाही. दोन्ही अटींना कारणं आहेत. नाहीतर घरी केलेलं प्रत्येक शेल्फ 'नवनिर्मिती' ठरेल. तरी या गाळणीतून आजीची वाकळ खाली पडते, कारण ब्लँकेट दुकानात मिळत होतं, फक्त ते घ्यायला पैसे नव्हते. आणि पत्त्याच्या चौकटीत उधारी लिहिणारा दुकानदारही पडतो, कारण तो धंदा करत होता. धंद्यातल्या वापरकर्त्यांवर फॉन हिप्पेलने वेगळं काम केलं आहे हे खरं, पण तिथले वापरकर्ते म्हणजे प्रयोगशाळा, कारखाने, तंत्रज्ञानातल्या कंपन्या. किराणा दुकान दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावरच राहतं.

आणि तो बराच आशावादी आहे. त्याच्या जगात लोक आपली शक्कल खुशीने फुकट वाटतात, कंपनी ती उचलते, सगळ्यांचं भलं होतं. लेगोची गोष्ट याच चालीवर सांगितली जाते. १९९८ मध्ये लेगोने 'माइंडस्टॉर्म्स' हा यंत्रमानवांचा संच बाजारात आणला. काही आठवड्यांत स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने त्याच्या मेंदूतलं कोडं सोडवून सगळं उघडं केलं. लोकांनी त्यावर स्वतःच्या भाषा, स्वतःच्या प्रणाली लिहिल्या. लेगो कोर्टात जाऊ शकली असती. विचार करून तिने तसं न करता परवान्यात फेरफार करायची मुभाच लिहून टाकली. इथपर्यंत ऐकताना प्रोग्रामर म्हणून माझे डोळे पाणावतात. पुढची आवृत्ती करताना लेगोने मोजक्या हौशी लोकांना गुपचूप सल्ल्यासाठी घेतलं. त्यांना मोबदला म्हणून लेगोचे संच मिळाले, आणि डेन्मार्कला जायचं विमानाचं तिकीट त्यांनी आपल्या खिशातून काढलं. ते खूश होते. मीही असते. इथेच तर गोम आहे.

कारण खुशी मोजणाऱ्यांनीही निबंध लिहिलेत. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोकन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ मध्ये 'आयकिया इफेक्ट' मांडला: स्वतः जोडलेल्या खोक्याची, स्वतः घडी घातलेल्या वेड्यावाकड्या कागदी बेडकाची किंमत माणूस चढी लावतो, जवळपास तज्ज्ञाने केलेल्याइतकी. निकोलाउस फ्रांके आणि फ्रांक पिलर यांनी २००४ मध्येच घड्याळांवर दाखवलं होतं की स्वतः रंगरूप निवडलेल्या घड्याळाला लोक तयार घड्याळापेक्षा सुमारे दुप्पट पैसे द्यायला तयार होतात. म्हणजे काम गिऱ्हाइकाने करायचं आणि जास्त पैसेही त्यानेच मोजायचे. आमच्या गल्लीतल्या शिंप्याला हे कळलं तर तो कापड, कात्री आणि बिल तिन्ही माझ्या हातात देईल.

हे उघडपणे दाखवून दिलं ते डेटलेव्ह झ्विक, सॅम्युअल बॉन्सू आणि आरॉन डार्मडी यांनी, २००८ साली. प्रल्हाद आणि रामस्वामी यांच्या २००४ च्या पुस्तकापासून 'को-क्रिएशन' हा शब्द मॅनेजमेंटच्या वर्गात मंत्रासारखा म्हटला जात होता. (प्रल्हाद म्हणजे सी. के., अहमदाबादच्या आयआयएमचे; त्यामुळे आपल्याकडे मंत्र दुप्पट जोरात म्हटला गेला.) झ्विक आणि मंडळींनी फुको हाताशी घेऊन म्हटलं की यात ग्राहकाला स्वातंत्र्य दिलेलं नाही, त्याला मोकळं वाटेल आणि तरी कंपनीला हवं तेच सुचेल असं अंगण आखून दिलंय. त्याआधी २००० मध्ये तित्सियाना तेरानोव्हा यांनी इंटरनेटवरच्या बिनपगारी श्रमांवर लिहिलं होतं. एओएल कंपनीच्या गप्पांच्या खोल्या सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये पगारासाठी दावा लावला होता, ती पार्श्वभूमी तिथे आहे. या लेखनाने मला धीर दिला. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातही माणसं दिसत नाहीत. प्रयोगवाल्यांचा ग्राहक बबलरॅपपुढे बसलेला असतो, तर यांचा ग्राहक वाक्याच्या शेवटी कर्म म्हणून येतो. त्याच्यावर सत्ता चालते, त्याच्यातून मूल्य काढलं जातं, तो मात्र अवाक्षर बोलत नाही. बरं, वाक्यंही अशी की तीनदा वाचल्यावर क्रियापद सापडतं.

माणसांचं बोलणं ऐकायची पद्धत खरं तर याच शाखेत तयार झाली होती. रॉबर्ट कोझिनेट्सने १९९० च्या दशकात 'एक्स-फाइल्स' मालिकेच्या चाहत्यांचा इंटरनेटवर अभ्यास केला, आणि २००२ साली कॉफीच्या वेडाने पछाडलेल्या लोकांच्या ऑनलाइन गप्पांवर एक निबंध लिहिला. त्याने या पद्धतीला नेटनोग्राफी म्हटलं. निबंध वाचनीय आहे, कारण त्यात कॉफीवाले स्वतःच्या शब्दांत बोलतात, भांडतात, एकमेकांच्या चवीची टर उडवतात. आणि त्यात नियम आहेत: आपण संशोधक आहोत हे सांगा, परवानगी घ्या, लिहिलेलं त्या लोकांना दाखवा. धंद्याने पद्धत उचलली आणि नियम तिथेच ठेवले. आज हजारो लोकांचं बोलणं यंत्राने गोळा करून त्याचा आलेख काढणं हे काम आहे, त्याला पगार आहे. 'पगार ७ ला' हे वाचताना मी त्या दुकानदाराला सांगितलं नव्हतं की मी वाचतेय. गिऱ्हाइकाला तर नाहीच, जिचा पगार ७ ला होता. अ‍ॅप घेताना त्यांनी कुठेतरी 'मान्य' दाबलं असणार, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

तिकीट बंद केल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मदत विभागातल्या मुलीने मला एक ध्वनिमुद्रित फोन ऐकवला. पलीकडचे काका शांत होते. "ताई, माझी उधारी कुठं गेली?" तिने पाठ केलेलं उत्तर दिलं, की आपल्या अ‍ॅपमध्ये उधारीची सोय नाहीच. ते म्हणाले, "अहो पण मी दीड वर्ष लिहितोय की."

सहा महिन्यांनी आम्ही 'उधारी वही' हे फीचर आणलं, महिन्याला पैसे भरून. त्याच्या सादरीकरणात एक स्लाइड होती, 'ग्राहकांच्या गरजेतून'. फॉन हिप्पेल म्हणतो तसं सगळं यथासांग घडलं होतं: लीड यूझर, शक्कल, मग कंपनी. जो नवा प्लॅन घेईल त्याला त्याच्या जुन्या नोंदी परत मिळतील असं ठरलं. त्या परत आणायची स्क्रिप्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या कुठे गाडल्यात हे मलाच ठाऊक होतं.

नव्या वहीत तीन रकाने होते: नाव, रक्कम, तारीख. माझी स्क्रिप्ट जुन्या ओळीत आकडा शोधायची आणि रकान्यात टाकायची. '६४० बाकी' बरोबर बसलं. पण 'यांना दूध फक्त पिशवीतलं' यात आकडा नव्हता. 'मुलगा दवाखान्यात आहे, सध्या मागू नये' यातही नव्हता. अशा ओळींसाठी मी 'इतर' नावाचा एक टॅब केला. तो फारसं कुणी उघडत नाही असं आकडेवारीत दिसलं, आणि पुढच्या आवृत्तीत तो काढला. ते तिकीटही माझ्याच नावावर आहे.